वखारीतली मुलाखत

दाताची खुर्ची वखारीत येऊन चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तिच्यात तीन हमाल दुपारची झोप काढून गेले, एक मांजर व्यालं, आणि युवराजने समोर आरसा टांगून दोनदा दाढी केली. जिच्यासाठी ती आणली होती ती ऋतिका मात्र तिच्या आसपास फिरकली नव्हती.

आज ती येणार होती आणि खुर्चीत बसणारही होती. कुणाचा दात काढायला नव्हे, मुलाखतीची तालीम करायला.

शनिवारची जेवणं उरकल्यावर शामूआण्णांनी हमालांना सुट्टी दिली, वखारीचा पुढचा दरवाजा आतून लावला आणि खुर्चीवरची धूळ आपल्या टॉवेलने झटकली. सोमवारी अकरा वाजता पुण्याला त्यांच्या पुतणीची मुलाखत होती. दाताची डॉक्टर होऊन तिला दीड वर्ष झालं होतं, आणि आता तिला ‘सार्वजनिक आरोग्य’ नावाचं काहीतरी पुढं शिकायचं होतं. गेल्या वर्षी ती ह्याच कॉलेजात गेली होती आणि हात हलवत परत आली होती. तेव्हा घरात ठरलं होतं की आणखी एकदाच. यंदा जमलं तर पुणे. नाही जमलं तर ही खुर्ची, वखारीचा हा पुढचा गाळा, आणि बाहेर दवाखान्याची पाटी. पाटी रंगवून तयारही होती. पोरीला बघून वाईट वाटू नये म्हणून आण्णांनी ती तंबाखूच्या पोत्यांमागे तोंड फिरवून ठेवली होती.

पोरीने पुण्याला जावं असं आण्णांना वाटे, आणि जाऊ नये असंही वाटे. दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच जोराने वाटत असल्यामुळे ते तालमीच्या तयारीला जीव तोडून लागले होते.

“आण्णा, उमेदवाराला साधी खुर्ची पायजे,” त्यांचा मुलगा युवराज म्हणाला. “ही लई आरामाची हाय. झोपंल ती ह्यात.”

“झोपंल कशी? हितं तंबाखूचा खाट असला हाय की मेलेला माणूस उठून शिंकंल.”

हे बरोबर होतं, म्हणून युवराज गप्प बसला. एरवी आजच्या कार्यक्रमाचा कारभारी तोच होता. त्याने आजवर अकरा मुलाखती दिल्या होत्या. बँकेच्या, विम्याच्या, बेळगावच्या एका फाउंड्रीतली, बेंगळुरूच्या दोन. एकीतही त्याची निवड झाली नव्हती, आणि म्हणूनच त्याला सगळे प्रश्न पाठ होते. पास झालेला माणूस पहिल्याच मुलाखतीला थांबतो, त्याला काय अनुभव असणार, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते घरात सगळ्यांना पटलं होतं. न पटणारी एकटी त्याची आई, पण ती भावाच्या वास्तुशांतीला संकेश्वरला गेली होती. घरात आवर घालणारं माणूसच नव्हतं.

मोठ्या तराजूसमोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधली अध्यक्षाची, म्हणजे आण्णांची. पण आण्णा हात धुऊन येईपर्यंत तिच्यात मालुबाई बसलेली होती.

मालुबाई ही आण्णांची आणि ऋतिकाच्या वडिलांची, नागेंद्रची, थोरली बहीण. बोरगावला दिलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तालमीची बातमी लागताच ती सकाळच्या बसने आली होती. तिच्या डाव्या हातात मिश्रीची डबी होती, उजव्या हाताचं बोट काळं होतं.

“आक्का, ती अध्यक्षाची खुर्ची हाय,” आण्णा म्हणाले.

“ही फॅनखालची खुर्ची हाय,” मालुबाई म्हणाली.

आण्णा कडेच्या खुर्चीत बसले. निपाणीच्या बाजारात त्यांच्यासमोर मोठमोठे व्यापारी खाली मान घालत, पण ह्या बाईने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्यामुळे इलाज नव्हता.

*

ऋतिकाची आई माधवी मागच्या घरातून चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिचा नवरा दरवाजाशी ताठ उभा होता.

“तुम्ही हितं काय करताय?”

“शिपाई हाय,” नागेंद्र म्हणाला. “उमेदवाराचं नाव पुकारणार.”

“एकच तर उमेदवार हाय.”

“म्हणून काय झालं? पुकारायला लागतंयच की.”

माधवीने कपाळाला हात लावला नाही एवढंच. तिला ही तालीमच नको होती. ती बावीस वर्षं अंगणवाडी चालवत होती, पोरांची वजनं करत होती, गरोदर बायांना गोळ्या वाटत होती, आणि ‘सार्वजनिक आरोग्य’ म्हणजे कुणीही न वाचणारी रजिस्टरं भरणं, हे तिच्याइतकं घरात कुणाला माहीत नव्हतं. शिवाय गेल्या वर्षी पुण्याहून आल्यावर ऋतिकाने सांगितलं होतं, “एका प्रश्नाला बोलताच आलं न्हाय मला.” बास, एवढंच. माधवीला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आपली पोर चारचौघांत बोलायला भिते, तर तिने आपल्या गावात, आपल्या माणसांत दवाखाना घालून सुखाने बसावं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. खुर्ची आणताना घरात वाद झाला तेव्हा ती उघड आण्णांच्या बाजूने उभी राहिली होती. नवरा पोरीच्या बाजूने होता, पण नागेंद्रची बाजू असून नसल्यासारखीच असे.

“माधवी, मध आण,” मालुबाईने हुकूम सोडला.

“मध कशाला, आक्का?”

मालुबाईने कनवटीतून कागदाची पुडी काढली. त्यात वेखंडाचं मूळ होतं. “पोरीची वाचा बसली न्हवं गेल्या साली? बारशाच्या वक्ताला मी बोलले, हिला वेखंड उगाळून चाटव, बोलणं सुटतंय. तू म्हणालीस, डॉक्टर नको म्हणत्यात. आता भोग.”

“आक्का, ती चोवीस वर्षांची हाय.”

“मग जास्त उगाळू.”

मध आला. सहाण आली. दाराशी शिपायाने घसा खाकरून “ऋतिका नागेंद्र पोवार, हाज्जीर हो!” अशी कोर्टासारखी आरोळी ठोकली, आणि फाइल छातीशी धरून ऋतिका आत आली. तिच्या आत्याने तिला आधी खुर्चीत बसवलं, मग तोंड उघडायला लावून जिभेवर वेखंड चोळलं. ऋतिकाचे डोळे पाण्याने भरले. वेखंड भयंकर तिखट होतं.

“बघ, सुटायला लागली,” मालुबाई समाधानाने म्हणाली.

*

“टेल मी अबाउट युवरसेल्फ,” युवराज म्हणाला.

“काय म्हणतोय ह्यो?” मालुबाईने विचारलं.

“स्वतःबद्दल सांग म्हणतोय,” ऋतिका म्हणाली. जिभेची अजून आग होत होती.

“तिला काय माहीत? मी सांगते. ही झाली तवा लई पाऊस. निपाणीचा डॉक्टर चिकोडीला गेलता. हिचा बाप भ्यालेला, म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसला...”

“आक्का!” दारातून शिपाई ओरडला.

“शिपायानं बोलायचं न्हाय,” युवराजने ताकीद दिली. त्याचा एक पाय खुर्चीच्या बटणावर होता. बरोबर उत्तराला खुर्ची वर, चुकीच्या उत्तराला खाली, असा त्याने नियम केला होता. आता उत्तर दुसऱ्यानेच दिल्यामुळे काय करावं हे त्याला कळेना. त्याने थोडी वर घेतली, थोडी खाली घेतली.

“पुढचा प्रश्न. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतीस?”

“एखाद्या जिल्ह्यात तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम—”

आण्णांना ठसका लागला. युवराजने वडिलांकडे पाहिलं आणि खुर्ची खाली नेली. पाठही मागे कलली. ऋतिका वखारीच्या पत्र्याकडे बघत आडवी झाली.

“आडवं पाडून काय इचारताय पोरीला?” मालुबाई म्हणाली. “तिथं असं करत्यात व्हय?”

“ह्याला स्ट्रेस इंटरव्ह्यू म्हणत्यात, आत्या. उमेदवार घाबरतोय का बघायचं असतंय.” असं म्हणून युवराजने उमेदवाराला घाबरवण्यासाठी शेजारच्या पोत्यावर जोरात थाप मारली.

ही चूक होती. पोतं परवाच आलेलं, कोरडं खडखडीत आणि तोंडाशी सुटलेलं. धुरळा उठला आणि सगळं मुलाखत मंडळ शिंकू लागलं. आण्णा धंद्यातले असूनही सहा वेळा शिंकले. नागेंद्रने दरवाजा उघडला, तर बाहेरून जाणारा पानपट्टीवाला “काय झालं, काय झालं” करत आत डोकावला आणि तोही शिंकत परत गेला. ऋतिका आडव्या खुर्चीत शिंकत होती आणि हसत होती. ह्या लोकांवर रागवावं की ह्यांना मिठी मारावी हे तिला लहानपणापासून कधी समजलं नव्हतं.

शिंका ओसरल्यावर आण्णांनी डोळे पुसले आणि सूत्रं हातात घेतली.

“युवराज, तू गप बस. पोरगीला सरळ कर. ऋतिका, हिकडं बघ. प्रश्नबिश्न काय बी असूंदे. मी तुला गेल्या साली सांगिटलं, तेच परत सांगतो. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक येतंय, पोत्यात हात घालतंय, चिमूट काढतंय, वास घेतंय. तवा आपण काय करायचं?”

“पत्र्याकडं बघायचं,” नागेंद्र आणि युवराज एकदमच म्हणाले.

“पत्र्याकडं बघायचं. तोंड उघडायचं न्हाय. पैला जो बोलला त्याचा भाव पडला. हुबळीचा एक व्यापारी हितं सकाळी नवाला आलता. त्यो बोलंना, मी बोलंना. त्यो जेवून आला, तरी मी गप. चार वाजता त्योच म्हणाला, शामूराव, तुमचा भाव सांगा. समोरच्याला बोलूंदे. आपण गप ऱ्हायलो की समोरच्याला वाटतंय, ह्याच्याजवळ माल हाय.”

ऋतिका ऐकत होती. ही गोष्ट ती शंभर वेळा ऐकत आली होती. गेल्या वर्षी पुण्याच्या बसमध्ये आण्णांनी ती तिला सातारा येईपर्यंत सांगितली होती. आज तिला ती ऐकवेना.

“आण्णा, मी तेच केलं,” ती म्हणाली.

“काय केलंस?”

“गेल्या साली. तुम्ही सांगिटलं तेच. मधल्या मॅडमनी इचारलं, तुमच्या घरी तंबाखूचा व्यापार आहे, आणि तुम्हाला तंबाखूविरुद्ध काम करायचंय, हे कसं? मला उत्तर येत न्हव्हतं असं न्हाय. सुचत होतं थोडं थोडं. पर मला आठवलं, पैला बोलला त्याचा भाव पडला. मी गप बसले. वर बघत.”

“किती वेळ?” युवराजने व्यावसायिक कुतूहलाने विचारलं.

“दोन मिनिटं. समोर घड्याळ होतं. मॅडम म्हणाल्या, पाणी हवंय का? मला वाटलं, नरमल्या. मी आणखी गप बसले. मग त्या म्हणाल्या, थँक यू.”

मग आधी युवराजला हसू फुटलं, ते त्याने दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. नागेंद्र दरवाजाकडे तोंड करून हलायला लागला. शेवटी ऋतिकाही हसली. एक वर्ष पोटात ठेवलेलं बाहेर पडल्यावर तिला फार हलकं वाटलं.

माधवी मात्र हसत नव्हती.

“म्हंजे तू भ्याली नव्हतीस?”

“न्हाय, आई.”

“मग मला वरीसभर सांगिटलं का न्हाईस? मी आपली समजतेय, माझी पोर भित्री हाय. तिला जगात सोडायची न्हाय. ह्या खुर्चीला मी व्हय म्हणाले ते ह्याच्यासाठी!”

ऋतिकाने खाली पाहिलं. “आण्णा गेटाबाहेर तीन तास उन्हात थांबलेले. हातात डबा घेऊन. मी बाहेर आल्यावर म्हणाले, जेव आधी. त्यास्नी काय सांगू, तुमच्यामुळं गेलं म्हणून?”

*

शामूआण्णांना वाटलं, कुणीतरी पत्रा काढून वरून ऊन सोडलं आहे. गेलं वर्षभर ते बाजारात सांगत फिरले होते की पुण्याच्या लोकांना माल ओळखता येत नाही. चहाच्या टपरीवर, पतसंस्थेत, दोनदा तर बोरगावच्या बसमध्ये. आणि माल ओळखू न देणारा माणूस स्वतः तेच होते. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की ते मोठ्याने बोलत.

“बरं, चुकलं माझं!” ते गरजले. “पर त्या बाईनं सोमवारी परत तेच इचारलं तर? काय सांगणार हाईस? आं? सांग की!”

आता हा प्रश्न खरा होता, आणि त्यावर सगळं अडलेलं होतं हे सगळ्यांना कळलं. म्हणून प्रत्येकाने लगेच आपापलं उत्तर पुढं केलं.

“अ‍ॅग्रो-बेस्ड कमोडिटी म्हण,” युवराज म्हणाला. “तंबाखू म्हणायचंच न्हाय.”

“ऊस म्हण,” नागेंद्र शिपाईपण सोडून पुढं आला. “बोरगावला आपला ऊस हाय. खोटं न्हाय.”

“माझ्या अंगणवाडीचं सांग,” माधवी म्हणाली. तिने बाजू बदललेली होती आणि ती आता पदर खोचून पलीकडे उभी राहिली होती. “आईचं काम बघून आले म्हण. वखारीचं नाव कशाला? आणि आण्णा, सोमवारी हिच्यासंगं मी जाणार. तुम्ही हितंच बसा पत्र्याकडं बघत.”

आण्णांनी हे गिळलं. मग एकदम म्हणाले, “बंद केली म्हणून सांग.”

“काय?”

“वखार. बंद केली म्हण. पोरीच्या शिक्षणापायी काकानं धंदा बंद केला. त्यास्नी बरं वाटंल.”

नागेंद्रने भावाकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्या वखारीचं नाव आण्णांनी देवासारखं घेतलं, ती एका वाक्यात बंद करायला ते तयार झाले होते, तोंडदेखली का होईना. नागेंद्रला भरून आलं.

“बंद?” मालुबाई डबीचं झाकण लावत म्हणाली. “आणि मी मिश्रीला तंबाखू कुठनं आणू? कोल्हापूरनं?”

“आक्का, खरंच बंद न्हाय, खोटी बंद.”

“मी खोटं सांगणार न्हाय,” ऋतिका म्हणाली. ती खुर्चीत सरळ बसली होती. “मला त्या दिवशी जे सुचत होतं ना, ते आत्यावरनं होतं.”

“माझ्यावरनं?” मालुबाईचं बोट तोंडाशी थांबलं.

“मी कॉलेजात गेले त्या वर्षापासनं तुला सांगते, आत्या, मिश्री सोड. चार्ट आणून दाखवला. फोटो दाखवले. तू सोडलीस?”

“न्हाय.”

“दरवेळी काय म्हणालीस?”

“सोडते म्हणाले.”

“आणि?”

“आणि न्हाय सोडली. लपवू काय?”

“म्हणून मला जायचंय. एक दाताची डॉक्टर आपल्या सख्ख्या आत्याची मिश्री सोडवू शकत न्हाय. मग ह्या खुर्चीत बसून मी कुणाची सोडवणार? माणसं का सोडत न्हाईत, हे शिकवणारी शाळा हाय ती. हे मला तिथं सांगायचं होतं. पर घरचं बाहेर कसं सांगायचं, असं बी वाटलं.”

युवराजचा पाय नकळत बटणावर पडला आणि खुर्ची वर वर जाऊ लागली. कुणी हसलं नाही.

मालुबाई मात्र भडकली. “म्हंजे पुण्याच्या बायांपुढं माझे दात काढणार तू! पोवारांची लेक काळ्या दाताची, म्हणून! एवढं शिकून शेवटी आत्याच गावली?”

“आत्या, तसं न्हाय—”

“मग कसं? सांग की. एवढी शिकलीस. मी का सोडत न्हाय? हाय उत्तर?”

ऋतिका वर, पंख्याच्या जवळपास पोचली होती. ती तिथून म्हणाली, “मला माहीत न्हाय, आत्या.”

हे मालुबाईला अपेक्षित नव्हतं. गेली सहा वर्षं ही पोर तिला सगळं माहीत असल्यासारखी बोलत आली होती.

*

मालुबाईने डबी मांडीवर ठेवली. तिला खरं तर काही सांगायचं नव्हतं. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसलं की माणसाला सगळे बघत असतात, आणि आता सगळे तिच्याकडेच बघत होते.

“आई दुसऱ्याच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची,” ती म्हणाली. “ही वखार तवा आपली कुठली! मी दहा वर्षांची. ह्यो शामू चार वर्षांचा, आणि नागू झोळीत. आई दोन भाकऱ्या बांधून द्यायची, एक माझी, एक शामूची. नागू थोडा मोठा झाला, तर भाकऱ्या दोनच आणि खाणारी तीन. चाळणाऱ्या बाया म्हणाल्या, मालू, मिश्री लाव, भूक मरती. लावली. खरंच मरती. चक्कर यायची पैल्यांदा, मग न्हाय.”

“आणि तुझी भाकरी?” ऋतिकाने विचारलं.

“ही दोघं बसल्यात न्हवं समोर? धडधाकट?”

नागेंद्र हळू म्हणाला, “तू म्हणायचीस, मला शिळी भाकरी आवडत न्हाय.”

“आमास्नी खरंच वाटायचं,” आण्णा म्हणाले. “आक्काला भाकरी आवडत न्हाय. मी लगीन झाल्यावर बायकोला पण तसंच सांगिटलेलं. आक्का आली की भात लाव म्हणून.”

“व्हय, म्हणून मला तुझ्या घरी कधी भाकरी मिळाली न्हाय! मी म्हणते, तुझ्या बायकोच्या हातची भाकरी एवढी गाजत्या गावात, मला का भात?”

माधवीने हसत हसत डोळ्यांना पदर लावला. युवराज उठून मागच्या घरात गेला. त्याला भाकऱ्या कुठे आहेत ते माहीत होतं.

“आता पोटाला कमी हाय काय?” मालुबाई पुढे म्हणाली, आणि ती आता ऋतिकाशीच बोलत होती. “बोरगावला दोन म्हशी हाईत, पोरं कमावत्यात. पर डबी नसली की मला भ्या वाटतंय. वाटतंय, परत भूक लागंल. तुझ्या चार्टात दात होतं, हिरड्या होत्या. ह्येच काय न्हव्हतं त्यात.”

“न्हव्हतं,” ऋतिका म्हणाली. “आणि मी सहा वर्षांत एकदा पण इचारलं न्हाय तुला.” तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. तिला स्वतःचा रागही आला होता. एवढी परीक्षा दिली, एवढ्या जबड्यांची चित्रं काढली, आणि घरातल्या बाईला एक साधा प्रश्न विचारायचं राहून गेलं होतं.

आण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी बटणाकडे जाऊन, जरा चुकत, दोनदा उलटं दाबून, शेवटी पुतणीला जमिनीवर आणलं.

“सोमवारी ह्येच सांग,” ते म्हणाले.

“आण्णा, वखारीचं पण सांगायला लागंल.”

“सांग की. आपली हाय, चालू हाय, माझ्या काकाची हाय, त्यावरच मी शिकले, असं सांग. काकाला काय वाटतंय इचारलं, तर म्हण...” ते थांबले. काकाला काय वाटतं हे त्यांनाच नक्की सापडत नव्हतं. “म्हण, काका इचार करायला लागलाय.”

युवराज ताटात दोन भाकऱ्या आणि चटणी घेऊन आला आणि ताट आत्यासमोर धरलं. मालुबाईने काळं बोट पदराला पुसलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि मध्येच हात थांबवून पुतणीकडे बोट रोखलं.

“आणि ऐक. माझं नाव घालायचं तर घाल, दात काळं हाईत म्हणून बी सांग. पर मी मिश्री सोडली, असं सांगू नको त्यास्नी. मी काय सोडलेली न्हाय.”